एक कोटी भागिले एकशे आठ

आमच्या घरात कोटी हा शब्द पैशांसाठी कधीच वापरला गेला नाही. तो अत्ताचा, माझ्या आत्याचा, शब्द होता. कोटी झाली की ओट्याची फुटकी फरशी बदलायची, कोटी झाली की डॉक्टरला गुडघा दाखवायचा, कोटी झाली की माझ्यासाठी टेबल-खुर्ची घ्यायची. आणि कोटी झाली की अत्ता वरंगलला निघून जाणार. हे शेवटचं वाक्य ती इतक्या सहज म्हणायची, भाकऱ्या झाल्या की नळावर जाते म्हणावं तसं. लहानपणी मी ते ऐकून घ्यायचो. कोटी म्हणजे काय हे कळत नव्हतं तोवर त्या वाक्याची भीती वाटायचं कारण नव्हतं.

आत्याला तेलुगूत अत्ता म्हणतात. आमचं घराणं तेलुगू विणकरांचं; आजोबा कधीतरी वरंगलकडून सोलापूरला माग चालवायला आले आणि राहिले. घरात तेलुगू, ओट्यावर मराठी, शाळेत पुस्तकातली मराठी. इथं मी अत्ताचं बोलणं मराठीत लिहितोय, ती गल्लीत जसं बोलायची तसं. माझी आई मला आठवत नाही. अत्ताचा नवरा भिवंडीला मागावर कामाला गेला तो तिकडचाच झाला, आणि अत्ता परत भावाकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, आली. वडिलांना आम्ही नान्ना म्हणतो. मला अत्तानं वाढवलं. एवढी पार्श्वभूमी पुरे. यापुढचं सांगायला मला आधीच जड जातंय.

दोन खोल्यांचं घर होतं आणि मागच्या भिंतीला लागून टॉवेलच्या मागांचा कारखाना. त्या भिंतीत सतत एक थरथर असायची. तिच्यावर टांगलेला पत्र्याचा साचा दिवसभर बारीक वाजत राहायचा. तो साचा अत्ताचा, बिडीचं पान कापायचा. आवाज आम्हाला ऐकूच यायचा नाही. वीज गेली, माग थांबले, की मात्र आम्ही सगळे दचकून एकमेकांकडे बघायचो. नान्ना तिथंच कामाला होता. जेवायला घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवर कापसाची पिंज बसलेली असायची, आणि अत्ता त्याच्या पुढ्यात कडक भाकरीचे तुकडे, शेंगांची चटणी आणि चिंचेचं पुलुसू ठेवायची. पुलुसू म्हणजे आमचं आंबट कालवण. भाकरी त्यात भिजायला वेळ लागायचा, तेवढा वेळ नान्ना काहीही बोलायचा नाही. आजही मला कडक भाकरी कुणी लगेच खाताना दिसलं की वाटतं, याला घाई कसली आहे.

सकाळी अकरा ते दिवे लागेपर्यंत अत्ता ओट्यावर बसून बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, उजव्या अंगठ्याच्या नखात दोऱ्याची खाच पडलेली. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्टे म्हणजे हजार. तिचं सगळं गणित या पंचविसात होतं. मला पाढे तिनंच शिकवले, पण दोनाचा, पाचाचा, दहाचा आणि पंचविसाचा एवढेच. बाकीच्या पाढ्यांचं काय करायचं हे तिला माहीत नव्हतं.

पहाटे आणि दुपारच्या जेवणानंतर ती रामकोटी लिहायची. आमच्या लोकांत ही रीत आहे. वहीच्या पानावर चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनात रामाचं नाव लिहायचं, अशी एक कोटी नावं झाली की त्या वह्या पिवळ्या कापडात बांधून भद्राचलमला देवापुढं नेऊन ठेवायच्या. अत्ता पत्र्याच्या साच्याच्याच कडेनं रेघा ओढायची. आडवे नऊ, उभे बारा, एका पानावर एकशे आठ चौकोन. माळेचे मणी एकशे आठ म्हणून पानही एकशे आठाचं. दोनशे पानांची वही भरली की पत्र्याच्या डब्यात एक चिंचोका टाकायचा. ही कोटी कशासाठी, हे तिनं प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं होतं. शेजारच्या अंबव्वाला वाटायचं नवरा परत यावा म्हणून. नान्नाला वाटायचं त्याच्या छातीच्या दुखण्यासाठी. मला तिनं सांगितलं होतं, तू दहावी पास व्हावास म्हणून. पण मी बालवाडीत होतो तेव्हाही ती लिहीतच होती. खरं कारण मला आजही माहीत नाही. तेव्हा विचारलं असतं तर आणखी एक चौथं कारण मिळालं असतं.

दर उन्हाळ्यात वरंगलहून चिन्नत्ता यायची. अत्ताची धाकटी बहीण. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, मागं एक घर आणि एक विहीर. येताना आवकायाच्या लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन गाडीत बसायची. तेल सांडायचं, म्हणून तिच्या सगळ्या पातळांना मोहरीचा वास. ओट्यावर पाय ठेवायच्या आधी ती विचारायची, "अक्का, किती राहिलं?" आणि अत्ता चिंचोक्यांचा डबा हलवून आवाज ऐकवायची. मग दोघी हसायच्या. ठरलं होतं असं, की कोटी झाली की चिन्नत्ता न्यायला येणार, दोघी मिळून भद्राचलमला वह्या देणार आणि मग वरंगलच्या त्या घरात एकत्र राहणार. "लहानपणी एका चादरीत झोपायचो," चिन्नत्ता म्हणायची, "हिची लाथ अजून आठवते मला. म्हातारपणी दोन चादरी घेऊ." मी तिथंच बसून आवकाया खात असायचो. माझं काय होणार हे कुणी बोलायचं नाही. मी मोठा होणार असं सगळे धरून चालले होते.

मी दहावीत गेलो त्या वर्षी गणिताच्या सरांनी भाज्यतेच्या कसोट्या पुन्हा शिकवल्या. एखाद्या संख्येला तीननं भाग जातो का बघायचं असेल तर भागाकार करू नका, नुसती अंकांची बेरीज करा. "सांगा एखादी मोठी संख्या," सर म्हणाले. पोरं आपली हजार-दोन हजारांत घुटमळत होती. मी म्हटलं, एक कोटी. सरांनी एकावर सात शून्यं काढली. "बेरीज?" एक. "मग जातो का भाग?" नाही. सर खडू घेऊन शून्यं लावत गेले, फळा संपेपर्यंत. "आता? बेरीज एकच. कितीही शून्यं लाव, तीन वाटे केले की एक उरणारच." वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण माझ्या डोक्यात एकशे आठ आले होते. एक आणि आठ नऊ. एकशे आठाला तीननं भाग जातो, नऊनं जातो. मग एकशे आठाच्या पानांनी कोटी कशी भरणार?

हे कुणालाही कळेल असं गणित आहे. मी आता माळशिरसला शाळेत गणित शिकवतो, आणि दरवर्षी ही कसोटी शिकवताना माझा खडू एकदा तरी तुटतो. कोटीची फोड केली तर आत सातदा दोन आणि सातदा पाच निघतात, दुसरं काहीच नाही. एवढी मोठी संख्या, पण तिच्या पोटात दोनच प्रकारचे दाणे. एकशे आठाच्या पोटात दोनदा दोन आणि तीनदा तीन. तिनाचा एकही दाणा कोटीत नाही. बिडीचे पंचवीस कोटीत चोख बसतात, हजार बसतात. देवाचे एकशे आठ बसत नाहीत. अत्ताला आयुष्यभर पंचविसाची सवय. तिनं कधी शंकाच घेतली नाही, की पानं भरत गेलो तर कोटी पानाच्या शेवटच्या चौकोनातच पडेल.

त्याच सुमारास वरंगलचं कुणीतरी लग्नाला आलं होतं, त्याच्याबरोबर चिन्नत्तानं निरोप पाठवला. पुढच्या वेळी यायचं ते एकदम न्यायलाच येते, कुठल्या महिन्यात कोटी होईल तेवढं कळव. अत्ता मला म्हणाली, "श्रीनू, तुझी शाळा कशाला हाय मग? शेवटचं पान कुटलं ते काढून दे."

मी आतल्या खोलीत फरशीवर खडूनं भागाकार मांडला. ब्याण्णव हजार पाचशे ब्याण्णव पानं पूर्ण, आणि बाकी चौसष्ट. म्हणजे चारशे त्रेसष्टावी वही, एकशे त्र्याण्णवावं पान, आणि त्या पानावर चौसष्ट नावं. उरलेले चव्वेचाळीस चौकोन रिकामे. मी तीनदा करून बघितलं. मग चौसष्टकडे बघत बसलो असताना माझ्या हातानं आपोआप भागाकाराशेजारी एक चौरस काढला. आठ आडवे, आठ उभे. चौसष्ट. शेवटचं पान तेवढं वेगळं आखलं की झालं. पानही पूर्ण, कोटीही पूर्ण. याहून सुंदर उत्तर मला त्यानंतर कुठल्या उदाहरणाचं मिळालेलं नाही.

त्या चौरसावर मी पाय घासला. का, ते मी तेव्हा स्वतःला सांगितलं नाही. टाचेला खडू लागला होता, तो तसाच घेऊन ओट्यावर आलो.

ओट्यावर अत्ता आणि अंबव्वा पानं कापत होत्या. मी सांगितलं, कोटी पानात बसत नाही. शेवटी चव्वेचाळीस घरं मोकळी राहतात.

"असं कसं?" अत्ता म्हणाली. "हजार बिडीला कधी एक उरते का?"

"बिडी पंचवीसची हाय. पान एकशे आठचं हाय. एकशे आठ कोटीत जातच न्हाई."

"राहू देत की मोकळी," अंबव्वा म्हणाली. "देव काय भिंग घेऊन बसलाय?"

"चोवीसचा कट्टा दिला तर कारखान्यात घेतात का?"

"मग उरलेल्या घरात सीतेचं नाव लिही. नायतर मारुतीचं. त्यानं लई कष्ट केलेत."

"रामकोटी हाय ही. गावजेवण न्हाई."

"मग सव्वा कोटी कर. सव्वा कसं शुभ असतं. काय रे श्रीनू, सव्वा बसतं का?"

सव्वा कोटीच्या अंकांची बेरीज आठ. मी मान हलवली. न्हाई बसत. अत्तानं कात्री खाली ठेवली. मी तिला इतकी गोंधळलेली कधी बघितली नव्हती. अर्धं पान देवापुढं ठेवणं तिला जमणारं नव्हतं. अंगात ताप असला तरी ती पान पुरं करूनच उठायची. आणि कोटीवर चव्वेचाळीस जास्त लिहिली तर ती कोटी राहत नव्हती. "मग असा आकडाच न्हाई का," तिनं विचारलं, "जिथं दोन्ही बसतंय? पान पण आणि कोटी पण?"

तिनं प्रश्न असा विचारला, एवढंच माझ्या बाजूनं बोलण्यासारखं आहे. मी चौसष्ट चौकोनांचं पान सांगू शकलो असतो. तोंडात होतं. मी म्हटलं, "हाय की. सत्तावीस कोटी."

आणि ते बरोबर होतं. एकशे आठातले तीन तीन कोटीत नाहीत, ते बाहेरून आणून घालायचे. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. सत्तावीस कोटींना एकशे आठ चोख भागतात, त्याआधी कुठल्याच कोटीला भागत नाहीत. अंबव्वा हसून हसून खोकायला लागली. "सात जन्म घे गं बाई. दरवेळी बिड्याच वळशील." मलाही वाटलं, अत्ता हसेल, मला एक धपाटा घालेल आणि देवळातल्या पुजाऱ्याला विचारायला जाईल. तो म्हणाला असता, भाव असला की पुरे, आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण अत्ता सुपातल्या पानांकडे बघत म्हणाली, "सत्तावीस. नक्षत्रं सत्तावीस असतात."

"असतात," मी म्हटलं.

"मग तसंच असंल." तिनं कात्री उचलली.

माझी चूक नक्की कुठे सुरू झाली ते मला ठरवता येत नाही. आकडा मी दिला, नक्षत्रं तिनं आणली. मला फक्त ती पुढच्या उन्हाळ्यात जायला नको होती. फार तर दोन वर्षं, माझी बारावी होईपर्यंत. एवढ्यासाठी सव्वीस कोटी जास्त होतात हे मला कळायला हवं होतं. दुपारी नान्ना जेवायला आला तेव्हा अत्तानं त्याला सांगितलं. भाकरी भिजेपर्यंत तो नेहमीसारखा गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तू इतक्यात जात न्हाईस." "कशी जाऊ?" अत्ता म्हणाली. नान्नानं माझ्याकडे एकदा बघितलं. संध्याकाळी येताना डझनभर नव्या वह्या घेऊन आला.

ती कोटी झाली तेव्हा मी शेजारी बसलो होतो. परीक्षा संपली होती. चिंचोके मी गुपचूप मोजत आलो होतो, आणि चारशे त्रेसष्टावी वही चालू झाली तेव्हापासून बाहेर खेळायला गेलो नव्हतो. दुपारचं जेवण झालेलं, भांडी अजून पडलेली, भिंत थरथरत होती. एकशे त्र्याण्णवावं पान. सात ओळी म्हणजे त्रेसष्ट. आठव्या ओळीचा पहिला चौकोन. अत्तानं त्यात नाव लिहिलं, आणि एक कोटी झाली. तिचा हात दुसऱ्या चौकोनात गेला. काही थांबलं नाही, वीजही गेली नाही. मला वाटलं होतं मी बोलेन.

"काय बघतोस?" वर न बघता तिनं विचारलं.

"काय न्हाय."

"मग भांडी तरी घासायला घे."

मी भांडी घासली.

चिन्नत्ता त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी आली. निरोपाचं काय झालं होतं कोण जाणे; आपल्याला बोलावलंय असंच तिला वाटत होतं. या वेळी बरणीबरोबर पिवळं कापड होतं, नवं, वह्या बांधायला. ओट्याखाली उभी राहून तिनं विचारलं, "अक्का, किती राहिलं?"

"सव्वीस," अत्ता म्हणाली.

"सव्वीस पानं? मग थांबते की मी."

"सव्वीस कोटी."

चिन्नत्ता आधी हसली. मग अत्ता तिला समजावून सांगायला लागली, पान, पंचवीस, एकशे आठ, नक्षत्रं, सगळं एकात एक मिसळून, आणि चिन्नत्ताच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की तिला त्यातलं काही कळत नाहीये, फक्त आपण एकटीच परत जाणार एवढं कळलंय. ती चार दिवस राहिली. दोघी बहिणी त्या चार दिवसांत पूर्वीसारख्याच हसत-भांडत होत्या, पुलुसूत चिंच जास्त की कमी यावरून. मला त्याचा अर्थ लावता येईना. मनात दुखत असलं तर माणूस चिंचेवरून भांडतो का?

स्टेशनवर तिला सोडायला मी एकटाच गेलो. पिवळं कापड तिनं घरीच ठेवलं होतं. गाडी लागली होती, खिडकीत बसून ती म्हणाली, "हिशेब तू केलास?"

"व्हय."

"बरोबर हाय?"

"बरोबर हाय."

"मग काय करणार," ती म्हणाली, आणि खिडकीतून हात घालून माझ्या गालाला लावला. बोटांना मोहरीचा वास होता. तिनं मला आणखी एक प्रश्न विचारला असता, कुठलाही, तर मी सांगून टाकलं असतं असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. आता तसं म्हणवत नाही. गाडी सुटायला बराच वेळ होता.

त्यानंतर ती दोन उन्हाळे आली, मग गुडघ्यांनी येणं थांबलं. ती गेल्याचा फोन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आला. अत्ता त्या दिवशी लिहायला बसली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बसली. तोवर मी माळशिरसला नोकरीला लागलो होतो. होय, मीच गेलो. जिला जाऊ द्यायचं नाही म्हणून एवढं केलं, तिला सोडून बाविसाव्या वर्षी निघून गेलो, लग्न केलं, उसाच्या रानाकडेला घर बांधलं. जाताना तिनं मला दशम्या बांधून दिल्या आणि विचारलं, "तितं शेंगाची चटणी मिळते का?"

पुढं नान्नाही गेला. मागचा कारखाना बंद पडला आणि ती भिंत थरथरायची थांबली. अत्ता माझ्याकडे यायला तयार होत नाही. तिची बोटं आता वळत नाहीत, बिडी केव्हाच सुटली, लिहिणंही दोन-तीन वर्षांपूर्वी थांबलं. शेवटचं पान तिनं पुरं केलं होतं, हे तिनं मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सोलापूरला गेलो होतो. दुपारची वेळ. आम्ही जेवून उठलो होतो आणि ती भिंतीला टेकून बसली होती, साचा अजून त्याच खिळ्याला. मी म्हटलं, "अत्ता, तुला एक सांगायचंय. कोटीचं."

"सांग की."

मी सांगितलं. चौसष्ट, आठ आठांचं पान, टाचेनं पुसलेला चौरस, आठव्या ओळीचा पहिला चौकोन. वर्गात सांगतो तसं सलग सांगितलं, कारण मध्ये थांबलो असतो तर पुढं बोलता आलं नसतं. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. मग म्हणाली, "त्याच दिवशी ठाऊक होतं तुला?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू गेली असतीस."

"गेली असते," ती म्हणाली. "चिन्नी आली, तेव्हा देवाला देण्याजोगी झाली होती म्हणजे?"

"झाली होती."

"आणि मी तिला म्हटलं सव्वीस राहिल्यात." तिच्या घशातून एक आवाज आला. हसली की खोकली मला सांगता येणार नाही. मी तिच्या पायाला हात लावला, तिनं पाय ओढून घेतला; रागानं की गुडघा दुखला म्हणून, तेही कळलं नाही. मग ती खिळ्यावरच्या साच्याकडे बघत म्हणाली, "मला वाटायचं, माझा पाय निघत न्हाई हे तुला कळलंय. म्हणून पोरानं एवढा मोठा आकडा आणून दिला."

माझ्या छातीवरचं काहीतरी उचललं गेलं असं वाटलं, तोच ती पुढं म्हणाली, "वरंगलच्या त्या विहिरीचं पाणी लई गोड होतं रे. चिन्नी म्हणायची, डाळ लगेच शिजते."

"मग तुला जायचं होतं का नव्हतं, अत्ता?"

"आता काय विचारतोस," ती म्हणाली. मग कपाटाकडे बोट दाखवून, "आख ते पान."

कपाटात तिची एक कोरी वही होती. मी साचा काढून घेतला, त्याच्या कडेनं रेघा ओढल्या. आठ आडवे, आठ उभे. माझ्या रेघा तिच्यासारख्या सरळ येत नव्हत्या. तिनं वही मांडीवर घेतली, जिथं पूर्वी सूप असायचं तिथं, आणि पेन बोटांत धरायला तिला इतका वेळ लागला की मी नजर दुसरीकडे वळवली. पहिल्या चौकोनात तिनं नाव लिहिलं. तेलुगूत, थरथरत, रेघेबाहेर जात. मग पेन खाली ठेवलं आणि वही माझ्याकडे सरकवली.

"अत्ता, पान अर्धं राहतंय," मी म्हटलं. "त्रेसष्ट घरं रिकामी हायत."

"राहू दे की. कोण मोजतंय."

मी मोजतो. एकूण किती नावं झाली ते मला सांगता येणार नाही. मधल्या काही वर्षांचे चिंचोके उंदरांनी नेले, आणि चुलीवर पाणी तापवायला काही वह्या गेल्या असं ती म्हणते, कुणाच्या चुलीवर ते सांगत नाही. पण त्या दुपारपर्यंत तिनं आयुष्यात एकही पान अपुरं सोडलं नव्हतं. त्यामुळे आकडा कितीही मोठा असला तरी एवढं मला ठाऊक आहे, की त्याला एकशे आठनं भागलं तर बाकी एक उरते.